नऊ निबंध, एकच अंगण

मंगळवार, २१ जानेवारी २०४२. सकाळी दहा वाजून सतरा मिनिटांनी नाशिकच्या एका परकीय भाषा महाविद्यालयात, स्पॅनिश विभागाच्या खोली क्रमांक चारमध्ये, तृतीय वर्षाची विद्यार्थिनी तेजल कोशिरे हिने शेजारी गुडघ्यांवर बसलेल्या निनाद गांगुर्डे याच्या मानेत कागद कापायची कात्री खुपसली. एकदा नाही, तीनदा.

विभागप्रमुख डॉ. शर्मिष्ठा आहेर चार हात अंतरावर उभ्या होत्या. हातात नाटकाची संहिता, डोक्यावर पुठ्ठ्याची कॅप्टनची टोपी. पहिला वार त्यांना अभिनय वाटला. दुसऱ्या वाराला निनादच्या गळ्यातून जो आवाज आला तो अभिनयाचा नव्हता. तिसऱ्याला रक्ताची चिळकांडी फळ्यापर्यंत गेली. त्यांनी तेजलला खांद्याने ढकलले, ओढणीचा बोळा केला आणि निनादच्या मानेवर दाबून धरला. बोळ्याखाली रक्त उड्या मारत होते.

"हर्षल! अँब्युलन्स बोलाव!"

हर्षल देवरे जागचा हलला नाही. आहेरबाईंनी मान वर केली. वर्गातली उरलेली सातही मुले गुडघ्यांवर होती, डावा हात मानेमागे. संहितेप्रमाणे फक्त दोघांनी बसायचे होते.

भिंतीशी पडलेली तेजल उठून बसली. कात्री अजून तिच्या मुठीत होती. समोर कोणी तरी मोठा अधिकारी उभा असावा तशी ती वर बघत होती. ती स्पॅनिशमध्ये म्हणाली, "मी केलं. आता मला घरी जाऊ द्या." उच्चार अगदी निर्दोष होता. बाईंना तेव्हाही ते जाणवल्यावाचून राहिले नाही, आणि त्याची लाज त्यांना पुढे अनेक दिवस वाटत राहिली.

दुपारी दोन वाजता निनादला शस्त्रक्रियेनंतर व्हेंटिलेटरवर ठेवले. अडीच वाजता तेजलला अटक झाली. तीन वाजता पोलीस निरीक्षक भास्कर खैरनार विभागप्रमुखांच्या खोलीत बसले होते. बाईंच्या कुडत्याच्या बाह्या कोपरापर्यंत वाळलेल्या रक्ताने कडक झाल्या होत्या. बदलायला कपडे आणले होते. बदलायचे सुचले नव्हते.

"ती टोपी म्हणतात मुलं, ती काय भानगड आहे?" खैरनारांनी विचारले. "पुठ्ठ्याची नव्हे. ती तारांची."

बाईंनी सांगितले, वर्गात सांगावे तसे. याला वाणीरोपण म्हणतात. स्पॅनिश ज्याची मातृभाषा आहे असा माणूस, म्हणजे वाणीदाता, तीन महिने टोपी घालून बोलत बसतो. बोलताना त्याच्या मेंदूत ज्या वाटा उजळतात त्यांची नोंद होते, तिला छाप म्हणायचे. मग शिकणाऱ्याच्या डोक्यावर तशीच टोपी घालून सौम्य चुंबकीय ठोक्यांनी त्याच वाटा पुन्हा पुन्हा चालवायच्या. चाळीस बैठका झाल्या की पायवाट पडते. तीन वर्षांची भाषा पाच महिन्यांत येते आणि उरलेला वेळ वाङ्मय व संस्कृतीला मिळतो.

"आणि त्या माणसाच्या आठवणी? त्या नाही येत सोबत?"

"शब्दाला आठवण चिकटलेली असतेच. मी 'विहीर' म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे कुठली तरी एकच विहीर येते ना?"

"आमच्या सटाण्याची येते. पायऱ्या तुटलेली."

"तसंच. म्हणून कंपनी सहा दात्यांच्या छापा एकावर एक टाकते. सहा विहिरी एकमेकींना पुसतात, शब्द तेवढा उरतो."

"या पोरांना सहा जणांची छाप दिली होती?"

बाईंनी खिडकीकडे पाहिले. "एकाची."

कारण सांगताना त्यांचा आवाज खाली गेला. या विभागाचा तीस वर्षांचा लौकिक उच्चारावर उभा होता. बाई स्वतः इथेच शिकल्या, तेव्हा त्यांचे सर पेन्सिलीने हनुवटीवर टिचकी मारून जबडा कुठे ठेवायचा ते शिकवत. वाणीरोपण आले आणि मुले धडाधड बोलू लागली, पण गेल्या वर्षी तोंडी परीक्षेला आलेल्या परदेशी परीक्षकाने शेऱ्यात लिहिले, 'विद्यार्थी एका वाक्यात सहा गावे फिरवून आणतात.' ते वाक्य बाईंना फार लागले. या वर्षी त्यांनी कंपनीला कळवले की मिश्रण नको. दाता क्रमांक एकेचाळीस, निवृत्त शिक्षिका, यादीतला सर्वांत शुद्ध उच्चार. नऊही मुलांना तीच एक छाप द्या. कंपनीने धोक्याचे पत्र पाठवले. बाईंनी त्यावर सही केली.

"म्हणजे टोपीनं केलं असं तुमचं म्हणणं." खैरनारांनी वही मिटली. "मॅडम, कोर्टात हे टिकायचं नाही. नाटक कुणी लिहिलं?"

"तेजल आणि हर्षलनं. स्नेहसंमेलनासाठी."

"कॅप्टन हुकूम देतो, कैदी गुडघ्यावर बसतात. वर्गातल्या कॅमेऱ्यात तेच दिसतंय. तालीम म्हणतात तिला. आणि ज्या पोरीनं कात्री चालवली तिनंच तो प्रवेश लिहिलाय. सरकारी वकील काय म्हणतील, सांगू? पूर्वनियोजित."

"ते चित्रण मला दाखवाल?"

खैरनारांनी मोबाइल पुढे केला. पडद्यावर बाई स्वतःच होत्या, हात वर करून कॅप्टनचे वाक्य म्हणत होत्या. "दे रोदियास!" गुडघ्यांवर! चार सेकंदांत नऊही मुले खाली. मग दुसरे वाक्य. "सोलो उनो बुएल्बे आ कासा." एकच जण घरी परत जाईल. संहिता इथेच संपत होती. शेवट वाचता वाचता सापडेल, असे मुले म्हणाली होती. आपल्या एकोणीस वर्षांच्या नोकरीत मुलांनी प्रथमच स्वतःचे काही लिहिले म्हणून बाईंनी त्यांचे कौतुक केले होते आणि कॅप्टनचे काम आपणहून मागून घेतले होते.

"परत लावा," त्या म्हणाल्या. "चेहरे नका बघू. हात बघा."

दुसऱ्या वाक्यासरशी नऊ उजवे हात फरशीवर उतरले आणि उजवीकडे चाचपडू लागले. अंधारात पडलेली वस्तू शोधावी तसे. आठ हातांना काही लागले नाही. पुठ्ठा कापून झाल्यावर कात्री जिथे ठेवली होती, तिथे फक्त तेजलचा हात पोचत होता.

खैरनारांनी चित्रण तीनदा पाहिले. मग म्हणाले, "पोरांनी बसवलं असेल तसं. मला विचित्र वाटतंय, पण वाटण्याचा पंचनामा होत नाही. बाहेरचा पुरावा आणा."

हर्षल बाहेरच्या बाकावर बसला होता. बाई शेजारी बसल्या तेव्हा तो थोडा सरकला.

"मॅडम, सप्टेंबरमध्ये तुम्ही आम्हाला शून्य दिलं होतं."

"कशाबद्दल?"

"अंगणाबद्दल."

बाईंना ते निबंध आठवले. निबंधाचा विषय होता 'माझ्या ओळखीचे एक अंगण'. नऊ मुलांनी एकच अंगण लिहून आणले होते. मध्ये लिंबाचे झाड, निळ्या फरशा, तिसरी फरशी तडकलेली, कोपऱ्यात दोराविना विहीर. बाईंनी सगळ्यांना शून्य दिले आणि समोर बसवून, फोन काढून घेऊन, पुन्हा लिहायला लावले. पुन्हा तेच आले. भाषेच्या शिक्षकाला नऊ सारखे निबंध दिसले की एकच शब्द सुचतो, आणि तो त्यांनी लाल शाईने प्रत्येक कागदावर लिहिला होता: नक्कल.

"आम्ही सांगत होतो, कॉपी केली नाही म्हणून," हर्षल म्हणाला. "तुम्ही म्हणालात, निदान झाडाचं नाव तरी बदलायचं. सगळे हसले. तेजलसुद्धा."

"मला आणखी काही का सांगितलं नाहीत?"

"काय सांगणार? शून्य मिळाल्यावर कोण सांगतं?" तो हाताची बोटे मोडत राहिला. "नाटकातलं कॅप्टनचं बोलणं आम्ही रचलं नाही, मॅडम. ते आपोआप आलं. तेजल म्हणाली, भारी जमलंय. मी म्हटलं, जमलंय."

गुरुवारी बाईंना तेजलला भेटायची परवानगी मिळाली. आदल्या दिवशी दुपारी जेवणाचे ताट आत सरकवताना कोठडीचे लोखंडी दार उघडले, तेव्हा तेजलने उजवा हात चौकटीत ठेवून दार डाव्या हाताने ओढून घेतले होते. एकदा नव्हे. पहाऱ्यावरची हवालदार पोचेपर्यंत तीन बोटांच्या हाडांचा चुरा झाला होता.

बाहेर तेजलची आई उभी होती. निफाडजवळच्या गावी ती अंगणवाडी चालवत असे. तिने नमस्कार केला नाही. "तुमच्या यंत्रानं केलं का माझ्या पोरीनं, एवढंच सांगा बाई. आमच्याशी कुणी धड बोलतच नाही."

"मी शोधतेय," आहेरबाई म्हणाल्या.

"लवकर शोधा. तोवर ती दुसराही हात शाबूत ठेवायची नाही."

आत तेजल भिंतीला टेकून बसली होती, बँडेजचा हात मांडीवर.

"निनाद आहे ना?"

"आहे. अजून शुद्धीवर आलेला नाही."

"मॅडम, मी निनादला मारत नव्हते. माझ्या शेजारी मातेओ होता. त्याच्या बाहीला खडू लागला होता." ती शांतपणे, एकेक शब्द निवडून बोलत होती. "माझा उजवा गुडघा तडकलेल्या फरशीवर होता, ती टोचत होती. आणि तो माणूस आकडे म्हणत होता. दहा म्हणेपर्यंत, असं सांगितलं होतं त्यानं. मी मातेओला ओळखत नाही. पण त्याला मारल्यावर माझ्या हाताला काय लागलं ते मला आठवतं. ते कसं काढायचं?"

"डॉक्टर म्हणतात, छाप पुसता येते."

"मग पुसा. आजच."

बचावाचे वकील सकाळीच म्हणाले होते: छाप पुसली तर तिच्या डोक्यात दुसऱ्या कुणाची आठवण होती हे सिद्ध करायला काहीच उरणार नाही. नऊ जणांपैकी कुणाचीही पुसू नका. ती आठवण आपली असल्याचे दात्याने स्वतः कबूल करीपर्यंत तरी नाही.

कंपनीने दात्याचे नाव द्यायला नकार दिला. पण नावाची गरज नव्हती. दिवाळीला दात्याला भेटकार्ड आणि फराळाचा डबा पाठवायची विभागाची रीत होती. डबा कंपनीमार्फत जाई आणि कधीच उत्तर येत नसे. या वर्षी आले होते. जुन्या वळणाच्या अक्षरात, जांभळ्या शाईत, आणि शाळेतल्या बाईंच्या सवयीने खाली पूर्ण नाव, पत्ता, फोन नंबर. एरमिनिया नावाची ती बाई दक्षिण अमेरिकेतल्या ज्या देशात राहते, त्याचे नाव न्यायालयाने गुप्त ठेवले आहे.

शुक्रवारी संध्याकाळी साडेसहाला बाईंनी फोन लावला. तिकडे सकाळ होती. पडद्यावर चौऱ्याहत्तर वर्षांचा काटक चेहरा आला. तिच्या मागे लिंबाचे झाड नव्हते, साधी भिंत होती. बाईंना उगीच हायसे वाटले.

"अरे वा, प्रोफेसोरा!" एरमिनिया हसली. "तुमचे ते गोल, काटेरी पदार्थ मिळाले. चव छान. माझा एक दात मात्र त्यांनी नेला."

"चकली म्हणतात त्याला. एरमिनियाबाई, मला एका अंगणाबद्दल विचारायचं आहे." त्यांनी सप्टेंबरचा एक निबंध हातात घेतला आणि वाचला. तडकलेल्या फरशीपाशी येईपर्यंत पडद्यावरचे हसू गेले होते.

"हे कुणी लिहिलं?"

"वीस वर्षांच्या मुलीनं. ती तुमच्या देशात कधी आलेली नाही." आणि मग बाईंनी मंगळवारचे सगळे सांगितले.

एरमिनियाने खुर्ची पुढे ओढली. बोलली तेव्हा तिचे प्रत्येक वाक्य पूर्ण होते.

"ते आमच्या शाळेचं अंगण. बावन्न वर्षं झाली. आम्ही चौदा शिक्षक संपावर होतो. सैनिकांनी आम्हाला ओळीनं गुडघ्यांवर बसवलं आणि एका टोकाकडून गोळ्या घालायला सुरुवात केली. डोक्यात, मागून. प्रत्येक वेळी ओळ एकानं लहान व्हायची आणि फरशीवरून काही तरी कोमट वाहत माझ्या गुडघ्यापर्यंत यायचं. बारा झाले. मी आणि मातेओ उरलो. तो संगीत शिकवायचा. कॅप्टन कंटाळला होता. त्यानं माळ्याची छाटणीची कात्री उचलली, आमच्यामध्ये फेकली आणि म्हणाला—"

"एकच जण घरी परत जाईल."

"हो. मातेओनं माझ्याकडे बघितलं नाही. त्याचाही हात निघाला होता. माझा आधी पोचला. मानेवर, या बाजूला..."

"तीनदा," बाई म्हणाल्या.

म्हातारीने तोंडावर हात घेतला. बाईंनी थांबायला हवे होते. त्या थांबल्या नाहीत. "तेजलनंही तीनदाच मारलं. तुम्ही हे जबानीत सांगितलंत तर ती सुटेल. नाही तर तिच्यावर खुनाच्या प्रयत्नाचा खटला चालेल. मुलगा गेला तर खुनाचा."

"तुम्ही काय मागताय ते तुम्हाला कळतंय का, प्रोफेसोरा? गावात सगळ्यांना वाटतं की तेराही जणांना सैनिकांनी मारलं आणि मी प्रेतांखाली लपून वाचले. शाळेला मातेओचं नाव दिलंय. दर वर्षी त्या दिवशी भाषण मीच करते. का, ठाऊक आहे? गावात माझा उच्चार सर्वांत शुद्ध."

"मग तुम्ही छाप दिलीत तरी कशाला?"

"मला वाटलं, मी भाषा देतेय." ती खुर्चीतून उठली. "रविवारी सांगते."

शनिवारी सकाळी बाईंनी कपाटातून अठरा कागद काढले, नऊ मुलांचे दोन-दोन, आणि खैरनारांच्या टेबलावर ठेवले. प्रत्येकावर तारीख, शून्य आणि लाल शाईतला तो शब्द. खैरनारांनी स्पॅनिशचे मराठी करून देणाऱ्या दुभाष्याला हाक मारली, मग तिसऱ्या कागदानंतर स्वतःच हात वर करून थांबवले.

"हे सप्टेंबरचे. म्हणजे तुम्हाला चार महिने आधीपासून माहीत होतं?"

"माहीत असायला हवं होतं. त्याच आठवड्यात कंपनीचं पत्र पुन्हा वाचायला हवं होतं. मी शून्य दिलं आणि उरलेल्या बावीस बैठका पूर्ण करून घेतल्या."

"मॅडम, हे मी दाखल केलं तर पोरीला थोडा आधार होईल. पण गुन्ह्यात तुमचंही नाव येईल. नोकरी जाईल ते वेगळंच."

"लिहा."

"एकदा घरी विचारून तरी—"

"लिहा म्हणते ना!"

त्यांनी लिहिले. बाईंनी सही केली. या वेळी आधी पूर्ण वाचून.

रविवारी फोन आला नाही. सोमवारी निनाद शुद्धीवर आला. मानेत नळी होती, बोलता येत नव्हते. खैरनारांनी त्याच्यापुढे पाटी धरली आणि विचारले, तेजलशी तुझं काही भांडण होतं का? निनादने वेड्यावाकड्या अक्षरांत लिहिले, मराठीतच: 'नव्हतं. माझा पण हात शोधत होता. तिला आधी सापडली.' खैरनार नंतर बाहेरच्या व्हरांड्यात उभे राहून एक पेला पाणी प्यायले आणि म्हणाले, सव्वीस वर्षांत मार खाल्लेल्यानं मारणाऱ्याच्या बाजूनं अशी साक्ष दिलेली मी पाहिली नाही. सरकारी वकिलांनी मात्र तीही मोडीत काढली: त्याच्या डोक्यात तीच छाप आहे, मग त्याच्या म्हणण्याला स्वतंत्र साक्ष कसे म्हणायचे?

मंगळवारी संध्याकाळी एरमिनियाचे दोन ओळींचे उत्तर आले. 'राजधानीला जाते आहे. तारीख कळवा.'

गुरुवार, ३० जानेवारी. सत्र न्यायालयात तेजलच्या जामीन अर्जावर सुनावणी. पाच वाजून पाच मिनिटांनी भिंतीवरचा पडदा उजळला. तिकडच्या भारतीय वकिलातीतली एक खोली, टेबल, पाण्याची बाटली, आणि करड्या सुटातली एरमिनिया. आहेरबाई दुभाष्याच्या खुर्चीत नव्हत्या; त्या आता सहआरोपी होत्या, म्हणून दुभाषी मुंबईहून आणला होता. त्या तेजलशेजारच्या बाकावर बसल्या होत्या.

एरमिनियाने नाव, वय, व्यवसाय सांगितला. अंगणाचे वर्णन केले. न्यायाधीश एकेक वाक्य निबंधांशी ताडून बघत होते. लिंबाचे झाड. निळ्या फरशा. तिसरी तडकलेली. संपावरचे चौदा जण. बाराव्या गोळीपर्यंत ती अडखळली नाही.

"आणि तेरावा माणूस?" बचावाच्या वकिलांनी विचारले. "मातेओ. तो कसा मेला?"

तेव्हा तिच्या शेजारी बसलेला तिकडचा सरकारी अधिकारी पुढे झुकला. त्याने तिला आणि न्यायालयाला एकच गोष्ट सांगितली, दुभाष्याने ती मराठीत केली. त्या देशात अशा हत्येचा खटला भरायला मुदत नाही. एरमिनियाबाईंनी या प्रश्नाचे उत्तर दिले तर ते कबुलीजबाब म्हणून नोंदवले जाईल आणि वकिलातीबाहेर पाऊल टाकताच त्यांना ताब्यात घेतले जाईल. उत्तर न देण्याचा त्यांना हक्क आहे.

एरमिनियाने दहा मिनिटे मागितली. न्यायाधीशांनी दिली. पाच सत्तावीसला ती खुर्चीतून उठली आणि पडद्याबाहेर गेली. दार उघडल्याचा आवाज आला. बंद झाल्याचा आला नाही.

पाच चाळीस झाले. वकील एकमेकांशी कुजबुजू लागले. तेजलची आई मागच्या बाकावरून उठून उभी राहिली आणि तिला बसायला सांगण्यात आले.

"तेजल," आहेरबाई हळूच म्हणाल्या, "ती येईल का परत? तुला... तुला काय वाटतं?"

तेजलने पडद्यावरून नजर हलवली नाही. "मला तिचं अंगण माहीत आहे, मॅडम. तिची शाळा, आईचा आवाज, मातेओची बाही. घरी परतल्यावर तिनं हात कसे धुतले ते माहीत आहे. पण पुढची बावन्न वर्षं ती कशी जगली, त्यातलं काहीच आलं नाही माझ्याकडे." मग ती म्हणाली, "मी तिच्या जागी असते तर आत्ता पळाले असते. आणि तुम्ही?"



न्यायालयाचे कामकाज सहाला संपते. पाच वाजून बावन्न मिनिटांनी तिकडच्या वकिलातीने कळवले की एरमिनिया इमारतीतच आहे, खालच्या मजल्यावर फोनवर बोलत आहे, आणि फोन तिने आपल्या गावी, मातेओच्या बहिणीला लावला आहे. ती काय बोलत आहे हे कुणालाही ऐकू येत नव्हते. पडद्यावर खुर्ची रिकामी होती.